पाण्याच्या भांडणाला जाण्याआधी एक कागद तयार करा

चंबळचं पाणी ग्वाल्हेरला आणायचं की नाही, तिघरा धरण भरायला ककैटो धरण किती रिकामं करायचं, हरसी धरणाच्या कालव्याला धानासाठी पाणी कधी सोडायचं, असल्या विषयावर वॉर्डाच्या बैठकीत, कलेक्टर कचेरीत किंवा नुसतं लग्नाच्या पंगतीत बोलायची वेळ तुमच्यावर येणार असेल, तर पुढचं वाचा. मी मध्य प्रदेशच्या जलसंसाधन खात्यात उपयंत्री, म्हणजे अभियंता, होतो. नोकरीचा बहुतेक काळ कालव्यावर गेला: गेज (पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी) वाचायचं, कुलाबे (कालव्यातून शेताला पाणी देणारी तोंडं) तपासायचे आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांना ‘उद्या येईल’ म्हणून सांगायचं. आता ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी यायला लागलं की गल्लीतले लोक मलाच जाब विचारतात. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्लेल्या माणसाचं लिखाण आहे असं समजा.

अशा सभेत पहिल्या दहा मिनिटांत काय होतं ते सांगतो. नगर निगमचा माणूस एमएलडीत बोलतो, कालव्याचा क्युसेकमध्ये, तिघऱ्याचा फुटांत, दिल्लीचा अहवाल क्युमेकमध्ये, पुढारी टीएमसीत आणि शेतकरी बिघ्यात. जो तो आपला आकडा आपटतो आणि समोरच्याचा आकडा त्याला थापच वाटते. वनखात्याचा एखादा तरुण अधिकारी घडियालबद्दल, म्हणजे आपल्या लांब तोंडाच्या सुसरीबद्दल, बोलायला उठतो, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारतं, “माणसं मोठी की मगरी?” सभा तिथेच संपते. चहा तेवढा होतो.

म्हणून घरून एक कागद तयार करून न्यायचा. साधा ए-फोर, आडवा धरून पाच रकाने आखायचे: कोण घेतो, कुठून घेतो, किती घेतो, कोणत्या महिन्यात घेतो, आणि वापरून झालेलं पाणी कुठे सोडतो. पेन्सिलने लिहा, खोडावं लागतं. बाकी सगळं हे रकाने कसे भरायचे त्याबद्दल.

आधी जागा

नदी कुठली ते पक्कं करा. गंमत करत नाही. आपल्या भागात पार्वती दोन आहेत. एक माळव्यातून येऊन चंबळला मिळते. कोटा बराजचा (कोट्याच्या दरवाजांच्या बंधाऱ्याचा) उजवा मुख्य कालवा तिच्यावरून जलसेतूने पलीकडे येतो आणि मध्य प्रदेशात शिरतो. दुसरी पार्वती सिंध नदीची उपनदी; ही सिंध यमुनेला मिळते, सिंधू नव्हे. तिच्यावर ककैटो आहे, आणि खाली भितरवारकडे हरसी. एका बैठकीत दोन भले गृहस्थ ‘पार्वतीचं पाणी’ यावरून हमरीतुमरीवर आलेले मी पाहिलेत. दोघंही खरं बोलत होते, फक्त नद्या वेगळ्या होत्या.

मग हाताने नकाशा काढा, वरून खाली. सिंधवाल्या पार्वतीवर ककैटो. तिथलं पाणी पेहसारी धरणामार्गे तिघऱ्यात आणतात. तिघरा सांक नदीवर, शिंदे सरकारच्या काळातलं, 1916 च्या सुमाराचं धरण. तिथून पाणी मोतीझीलच्या शुद्धीकरण केंद्रात आणि तिथून आपल्या नळाला. ककैटोतून जे पाणी तिघऱ्याकडे वळवलं ते वळवलं नसतं तर खाली हरसीकडे गेलं असतं. हरसी 1935 चं. डबरा-भितरवारचं धान त्याच्या भरवशावर उभं असतं. हा नकाशा काढला की लष्करातला नळ आणि डबऱ्यातलं भाताचं खाचर एकाच नदीवर आहेत हे बोटाने दाखवता येतं. सभेत असं बोटाने दाखवलेलं भाषणापेक्षा जास्त चालतं.

चंबळचा नकाशा वेगळ्या पानावर घ्या. उगम इंदूरजवळ जानापावच्या डोंगरात, म्हणजे इंदूरकरांनी नाक वर करायला जागा आहे. मग गांधी सागर, राणा प्रताप सागर, जवाहर सागर आणि कोटा बराज. बराजपासून दोन मुख्य कालवे निघतात. उजवा राजस्थानातून येऊन आपल्याकडे श्योपूर, मुरैना, भिंडपर्यंत जातो. कोट्याच्या खाली नदीत जे उरतं ते बेताचंच. उन्हाळ्यात तिला जगवतात त्या कालीसिंध, पार्वती, बनास या उपनद्या आणि जमिनीतला पाझर. राष्ट्रीय चंबळ अभयारण्य याच खालच्या अंगाला आहे, तीन राज्यांत पसरलेलं, आणि ग्वाल्हेरसाठी पाणी उचलायचं तेही याच टप्प्यातून. म्हणून या पानावर उपनद्यांसाठी मोकळी जागा ठेवा. पार्वती-कालीसिंध-चंबळ जोडणीसाठी 28 जानेवारी 2024 ला केंद्र, राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्यात सामंजस्य करार झाला आहे. त्यातून वर जे बंधारे होतील त्यांचा परिणाम खाली या टप्प्यावर दिसणार, आणि सभेत सगळे बोलत असतात ते फक्त कोट्याबद्दल.

मग माप

कागदावर एकच एकक ठेवा. मी क्युसेक ठेवतो, कारण कालव्यावर तेच चालतं. तुम्हाला एमएलडी सोयीचं वाटलं तर ते ठेवा, पण एकच. उतारे पाठ करून टाका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर, दिवसाला साधारण 2.45 एमएलडी. एक क्युमेक म्हणजे 35.3 क्युसेक, किंवा 86.4 एमएलडी. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. एक टीएमसी म्हणजे 2,830 कोटी लिटरच्या आसपास.

आता एक उतारा जो मी सगळ्यांना सांगतो, कारण तो शहर आणि शेत एका ओळीत आणतो. एका हेक्टरवर दहा सेंटिमीटर पाणी उभं केलं तर दहा लाख लिटर लागतं. म्हणजे एक एमएलडी बरोबर एका हेक्टरला एक पाणी. पाठ करायला याहून सोपं काही नाही. शेतकऱ्याशी बोलताना बिघ्याचा आकडा कानाने ऐका आणि कागदावर हेक्टर लिहा. बिघा गावागणिक बदलतो, आणि त्याच्यावर वाद घालायला तुम्ही आलेला नाही.

शहराचं गणित असं. सांडपाण्याची भुयारी व्यवस्था असलेल्या शहराला माणशी रोज 135 लिटर हा नेहमीचा मापदंड. बारा लाख माणसं धरली तर 162 एमएलडी, म्हणजे 66 क्युसेक. शेतीत बोलायचं तर रोज 162 हेक्टरांचं एक पाणी. शेतकऱ्यांच्या बैठकीत हे वाक्य मी नेहमी आधीच बोलून टाकतो. “आमचं शहर रोज तुमच्या 162 हेक्टरांचं पाणी पितं,” असं आपणच कबूल केलं की समोरचे हात खाली ठेवून ऐकतात. एक टीएमसी पाणी या शहराला बाष्पीभवन न धरता सुमारे 175 दिवस पुरेल, हेही त्याच गणितातून निघतं.

तिघऱ्याच्या फुटांबद्दल मात्र सावध राहा. वर्तमानपत्रात ‘तिघरा 728 फुटांवर’ असं येतं, पूर्ण पातळी 740, आणि लोक बारा फूट गेले म्हणून उरलेल्याचा अंदाज बांधतात. जलाशयाचा वरचा फूट परातीचा असतो आणि खालचा वाटीचा; एका फुटाची घट वर आणि खाली सारखं पाणी नेत नाही. कार्यालयाकडे पातळी-क्षमतेचा तक्ता असतो, तो मागा. त्यावर तारीखही बघा. शंभर वर्षं गाळ साठलेल्या तलावाचा जुना तक्ता पाणी जास्तच दाखवतो.

टक्क्याला भुलू नका

शहराचे 66 क्युसेक घ्या आणि पार्वती जलसेतूवर मध्य प्रदेशच्या वाट्याचे 3,900 क्युसेक घ्या. शहर दोन टक्क्यांच्याही आत. उजव्या कालव्यात दोन टक्के पाझर धरला तरी तेवढ्यात ग्वाल्हेरची तहान भागते, आणि मातीच्या कालव्यात पाझर दोन टक्क्यांवर थांबत नाही हे कालव्यावर एक दिवस काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. ही तुलना न्याय्य आहे, ती करा.

पण हाच टक्का नदीच्या तोंडावर फेकला जातो तेव्हा थांबा. भारतीय वन्यजीव संस्थेने 2011 च्या अभ्यासात चंबळमध्ये घडियालसाठी किमान 151 क्युमेक प्रवाह लागतो असं मांडलं. गंगेच्या डॉल्फिनला त्याहून बराच जास्त, 266 च्या पुढे. शहराचे 66 क्युसेक म्हणजे 1.9 क्युमेक, 151 चा सव्वा टक्का. कोणीही म्हणेल, सव्वा टक्क्याने काय होतंय? दोन गोष्टी होतात. पहिली, 151 ही गरज आहे, मे महिन्यात नदीत तेवढं पाणी असतंच असं नाही; पाणी गरजेच्या खाली असेल तर तुमचा सव्वा टक्का तुटीत भर घालतो. दुसरी, सव्वा टक्कावाले तुम्ही एकटे नाही. धौलपूर-भरतपूरची पेयजल योजना आहे, काठावरचे डिझेल पंप आहेत, उद्या आणखी शहरं असतील. प्रत्येक जण आपला टक्का वेगळा दाखवतो. तुमच्या कागदावर त्यांची बेरीज एका रकान्यात आली पाहिजे. ही बेरीज सहसा कोणी केलेली नसते. जो करून आणतो त्याचं बोलणं ऐकावं लागतं.

महिने

इथे जरा थांबा, सगळं भांडण या रकान्यात आहे. वार्षिक वाटा हा शब्द सभेत ऐकला की मला झोप येते, कारण वर्षभराचं पाणी कोणीच पीत नाही. शहराला पाणी रोज लागतं, थोडं चालेल पण रोज. शेताला ते ठराविक तारखांना लागतं, त्या तारखेला भरपूर. नदीतल्या जिवाला एक ठराविक खोली लागते, आणि ती अचानक वरखाली न होणारी लागते. तिघांच्या मागण्या वेगळ्या जातीच्या आहेत. म्हणूनच काही वेळा पाणी न वाढवताही त्या भागवता येतात, पण त्यासाठी महिने लिहिलेले असावे लागतात.

ऑक्टोबरपासून सुरू करा. मुरैना-भिंडमध्ये सरसोंचा, म्हणजे मोहरीचा, पलेवा; पलेवा म्हणजे पेरणीआधीचं पाणी. हे पाणी तीन आठवडे उशिरा आलं तर आकड्यात पूर्ण येऊनही उपयोगाचं राहत नाही, सरसोंची वेळ निघून गेलेली असते. म्हणून दरवर्षी या दिवसांत राजस्थानशी तणातणी होते. पार्वती जलसेतूवर 3,900 मिळतात का, कधीपासून मिळतात, किती दिवस टिकतात. तुमच्या कागदावर क्युसेकइतकीच तारीख महत्त्वाची. नंतर गहू. पेरणीनंतर एकवीस दिवसांच्या आसपास मुकुटमुळं फुटतात तेव्हाचं पहिलं पाणी चुकलं तर पुढच्या चार पाण्यांनी ते भरून निघत नाही. फेब्रुवारी सरला की गव्हाची मागणी उतरायला लागते आणि मार्चमध्ये कालवे मिटतात.

मार्च ते जून हा शहराचा आणि नदीचा सामना. शहराची मागणी तेव्हाच चढते, धरणं तेव्हाच उतरतात. आणि चंबळच्या वाळूत घडियालच्या माद्या मार्चअखेर-एप्रिलमध्ये अंडी घालतात. पिलं मेअखेर ते जूनमध्ये बाहेर येतात. या अडीच महिन्यांत पाणी एकदम वाढलं तर घरटी बुडतात. फार उतरलं तर वाळूचं बेट काठाला जोडलं जातं आणि कोल्हे, कुत्री, गुरं, ट्रॅक्टर सगळे चालत येतात. ट्रॅक्टर वाळूसाठी. डोह एकमेकांपासून तुटले की मासे अडकतात, माशांवर जगणारे घडियाल आणि डॉल्फिनही अडकतात. म्हणजे नदीच्या बाजूने बोलायचं असेल तर ‘जास्त पाणी सोडा’ एवढं म्हणून भागत नाही. एप्रिलमध्ये एका रात्रीत सोडलेलं भरपूर पाणी घडियालच्या कामाचं नाही, नुकसानीचंच आहे. मागणी अशी मांडा: या गेजवर, या तारखेपासून या तारखेपर्यंत, पातळी इतक्यापेक्षा खाली नाही आणि दिवसात इतक्यापेक्षा जास्त बदल नाही. बराजवरचा माणूस ही भाषा ओळखतो, त्याला तसंच सांगावं लागतं.

पावसाळ्यात भांडण नसतं, म्हणून कोणी त्याचा हिशेब ठेवत नाही. माझ्या मते खरी वाट तिथे आहे. ऑगस्टमध्ये नदीतून शंभर क्युसेक उचलले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, मेमध्ये तीस उचलले तर येईल. तेव्हा शहराची पाइपलाइन येणार असेल तर एकच प्रश्न लावून धरा: उपशाला महिनावार मर्यादा आहे का? पावसाळ्यात जास्त उचलून साठवायचं आणि उन्हाळ्यात साठ्यातून प्यायचं, यासाठी जागा किती ठेवली आहे? ‘वर्षभर एकसारखा उपसा’ असं उत्तर आलं तर योजना पंपाच्या सोयीने आखलेली आहे. पंपवाल्यांना एकसारखंच आवडतं, वीज आणि यंत्र दोन्ही सुखात राहतात.

हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. कावेरीच्या वाटपात कर्नाटक-तामिळनाडू सीमेवरच्या बिळीगुंडलूच्या गेजवर महिनेवार तक्ता आहे. फेब्रुवारी ते मे दर महिन्याला 2.5 टीएमसी, बेरीज 10, आणि हे 10 टीएमसी पर्यावरणासाठी धरलेले. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरूला 4.75 टीएमसी वाढवून दिले तेव्हाही ते 10 तसेच ठेवले. सरावासाठी 2.5 टीएमसी तीस दिवसांत भागून बघा, साधारण 965 क्युसेक येतात. ते पुरेसे आहेत की नाहीत हा वाद वेगळा. पण त्यांना जागा आहे, गेज आहे, महिना आहे. म्हणून वाद घालता येतो.

परत किती येतं

कृष्णेच्या पाण्याचं वाटप करणाऱ्या कृष्णा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, सिंचनाला वळवलेलं पाणी शंभर टक्के वापर धरलं, पण शहराच्या पाण्यात उचललेल्याच्या 20 टक्केच वापर धरला. बाकी गटारातून नदीला परत मिळतं हा विचार. शहराकडून बोलणाऱ्यांना हा नियम फार आवडतो आणि तो चुकीचा नाही. फक्त विचारा: परत मिळतं, पण कुठे? आणि कशा अवस्थेत?

ग्वाल्हेरचं उत्तर अडचणीचं आहे. आपली स्वर्णरेखा आणि मुरार नदी सिंधच्या बाजूला उतरतात. चंबळमधून उचललेलं पाणी शहर वापरेल, ते जलालपूर किंवा लाल टिपाराच्या प्रक्रिया केंद्रातून निघेल (निघेल असं धरू), आणि चंबळला भेटेल ते थेट पचनदाच्या परिसरात, जिथे चंबळ आणि सिंध यमुनेला मिळतात तिथे, यमुनेत, घडियालचा टप्पा ओलांडून गेल्यावर. तेव्हा चंबळपुरतं शहराचं पाणी शंभर टक्के गेलेलं समजा, 20 टक्के नाही. पण हेच पाणी वाटेतल्या शेतकऱ्याला कामाचं आहे. नियमाने सुमारे 80 टक्के सांडपाणी धरलं तर 162 एमएलडीतून 130 निघतं, म्हणजे रोज 130 हेक्टरांचं एक पाणी. नीट शुद्ध करून ते शेतीला देण्याचा लेखी करार झाला, तर ककैटो किंवा हरसीतून तेवढं शेतीचं पाणी शहरासाठी मागताना तोंड राहतं. अशी अदलाबदल हा मला दिसणारा एकमेव सौदा आहे ज्यात शेतकरी उठून जात नाही. अट एकच, पाणी घाण नसावं. घाण पाणी देऊन उपकार केल्याचा आव आणला तर मी शेतकऱ्याच्या बाजूला बसेन.

गळतीचंही इथेच उरकून घ्या. मोतीझीलहून किती निघालं आणि घरोघरच्या बिलांत किती भरलं, यातला फरक मागा. कालव्याचं तसंच: हेडला किती सोडलं, टेलला किती पोचलं. हे दोन आकडे न देता नवीन पाणी मागणाऱ्या कोणालाही, शहर असो की कालवा, मी गंभीरपणे घेत नाही.

आकडे कुठून आणायचे

माहितीच्या अधिकारात अर्ज करा. 10 रुपये फी, उत्तराची मुदत 30 दिवस, न मिळाल्यास पहिलं अपील. आपल्याकडे अर्ज हिंदीतच लिहा, मराठीचा अभिमान घरी ठेवून. मत विचारू नका, ‘पाणी कमी का सोडलं’ असं तर मुळीच नाही, कारण त्याचं उत्तर ‘माहिती स्वरूपात उपलब्ध नाही’ असं छापलेलं तयार असतं. नोंदवहीची प्रत मागा: पार्वती जलसेतूवरील दैनिक गेज आणि विसर्ग, ऑक्टोबर ते मार्च, मागची पाच वर्षं, तिघऱ्याची रोजची पातळी आणि उपसा, ककैटोतून तिघऱ्याकडे आणि हरसीकडे सोडलेलं पाणी, तारखांसह. गेजची वही असतेच, ती रोज कोणीतरी भरतं. नक्कल मिळाली की एक युक्ती करा: सलग कित्येक दिवस हुबेहूब तोच आकडा दिसला तर त्या दिवसांत गेजपाशी कोणी गेलेलं नाही असं समजून चला.

अभयारण्यातल्या पाणी उपशाचे प्रस्ताव राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपुढे जातात आणि तिची कार्यवृत्तं (बैठकीची इतिवृत्तं) केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर येतात. तिथे मंजुरीच्या अटी वाचा. मंजुरी मिळाली ही बातमी सगळीकडे येते, अटी येत नाहीत.

कोणत्या दाराशी

दार चुकलं की वर्ष जातं. राजस्थान कमी पाणी सोडतं ही तक्रार तुम्ही किंवा मी न्यायालयात नेऊ शकत नाही. घटनेच्या 262 व्या कलमाखालचा 1956 चा कायदा हा वाद लवादाकडे नेतो, आणि तोही राज्यानेच न्यायचा. त्यासाठी आमदाराला पत्र. जिल्ह्यातलं वाटप मात्र जिल्ह्यातच ठरतं: रब्बीआधी जिल्हा जल उपयोगिता समिती बसते, कालवा कधी सुटणार हे तिथे ठरतं, आणि सिंचनातल्या सहभागाच्या 1999 च्या कायद्याखालच्या शेतकरी संस्थांचे अध्यक्ष तिथे बोलू शकतात. त्यांना आधी भेटा. उन्हाळ्यात 1986 च्या पेयजल परिरक्षण कायद्याने कलेक्टर जिल्हा जलअभावग्रस्त जाहीर करतात. मग पिण्याचं पाणी पुढे आणि बाकी मागे. अभयारण्यातला प्रवाह वळवणं, अडवणं किंवा वाढवणंसुद्धा वन्यजीव कायद्याच्या 29 व्या कलमात येतं. ‘वाढवणं’ लोकांच्या नजरेतून सुटतं. एप्रिलच्या घरट्यांसाठी ते फार कामाचं आहे.

सभेत

शेतकऱ्यांच्या अध्यक्षाला ‘अध्यक्षजी’ म्हणा, वयस्कर असेल तर ‘दाऊ’ किंवा ‘कक्का’ चालतं. आपण लष्करातले मराठी लोक ‘अहो पाटील’ करायला जातो, ते इथे लागू पडत नाही. कागदाच्या झेरॉक्स आधीच वाटा, कारण हातात कागद असला की माणूस वाचतो आणि वाचताना ओरडत नाही. पहिली पाच मिनिटं फक्त नकाशा. मग आपल्या बाजूचा सगळ्यात गैरसोयीचा आकडा स्वतःच सांगा. शहराकडून गेला असाल तर गळती, कालव्याकडून असाल तर टेल. ‘माणूस की मगर’ आलंच तर चिडू नका, शांतपणे महिन्यांचा रकाना पुढे करा आणि विचारा की मार्च ते जून सोडून बाकीच्या आठ महिन्यांत मगरीचं आणि तुमचं भांडण नेमकं कुठे आहे.

आणि मागणी एकच करा: तुटीचं वेळापत्रक. चांगल्या वर्षी कोणीही वाटप करतं. 15 ऑक्टोबरला धरणं किती भरली आहेत ते बघून, अमुक पातळीच्या खाली असतील तर शहर किती टक्के सोडेल, कालव्याचं कितवं पाणी रद्द होईल, नदीत किती राहील, हे पाऊस संपतानाच लिहून ठेवायचं. मार्चमध्ये शेतकऱ्याला ‘उन्हाळी पीक घेऊ नका’ सांगणं म्हणजे त्याने बियाणं घेतल्यावर सांगणं. ऑक्टोबरमध्ये कळलं तर तो गव्हाऐवजी हरभरा पेरतो आणि तुम्हाला शिवी देत नाही. निदान कमी देतो. शहरालाही तेच: एक दिवसाआड पाणी जानेवारीतच सुरू केलं तर मेमध्ये चार दिवसांआड होत नाही. पण जानेवारीत नळ भरून वाहत असताना ते सुरू करायला कोणी नगरसेवक तयार होत नाही, म्हणून ते आधीच्या निर्णयात बांधलेलं असलं पाहिजे.

सभा संपली की उठू नका. कार्यवृत्त तिथेच लिहून घ्या, प्रत मागा. त्यात ‘आवश्यकतेनुसार पाणी सोडले जाईल’ असं वाक्य आढळलं तर किती क्युसेक, कोणत्या गेजवर, कोणत्या तारखेपासून हे शेजारी लिहायला लावा, आणि मगच सही करा.